पुढे कोण

टेकडीमागच्या तोफेने नानांचं विमान पुन्हा पाडलं, तेव्हा त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आपटला नाही; आपटाआपटी त्यांच्या स्वभावात नव्हती. पण ठेवला असा, की शेजारच्या खुर्चीतल्या सुनेला तो आपटल्यासारखाच ऐकू आला.

"तिथे तोफ ठेवायचं तुला सुचलं कसं?"

"तुम्ही तिथूनच येणार होतात," ती म्हणाली.

सून दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा काढायची आणि रविवारी कॉम्प्युटरवर लढाऊ विमानं उडवायची. नुसती उडवायची नाही, तर आपल्या गटातल्या आठ जणांसाठी लढायाही रचायची. डोंगर कुठला, ढग किती, शत्रू कुठे दबा धरून बसलाय, सगळं तिचं. आजवर या लढायांत सगळ्यांच्या पुढे विमान असायचं तेही तिचंच.

नाना राहायला आले आणि चित्र पालटलं. उभी हयात खरी लढाऊ विमानं उडवलेला माणूस घरात आहे म्हटल्यावर गट तिच्या मागेच लागला. आता पुढे तेच हवेत! तिने हसत हसत हो म्हटलं. आतून खट्टू झाली, ते नवऱ्यालाही कळू दिलं नाही. आज दुपारी नाना पहिल्यांदा गटाच्या पुढे उडणार होते. त्याआधी तालीम म्हणून दोघंच बसली होती, पुढे नाना, मागे ती.

कामगिरी सांगायला सोपी होती. दरीत एक पूल. शत्रूचे ट्रक त्यावर पोचायच्या आत तो उडवायचा आणि सुखरूप परत यायचं.

"मी तिथूनच येणार, हे तुला काय माहीत?" नानांनी विचारलं.

"नाना, तुम्ही कुठेही बसा, आधी उजेड पाठीशी घेता. माझ्या दवाखान्यात आलात, तेव्हा खुर्ची फिरवून बसलात. ऊन नेहमी समोरच्याच्या डोळ्यांत. त्या पुलावर सूर्य पाठीशी घेऊन यायचं, तर वाट ती एकच."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग गालातल्या गालात हसले.

"बरं, हलव आता ती तोफ. दुपारी सगळ्यांसमोर माझी शोभा होईल."

"तोफ हलणार नाही."

"अगं, सासरा आहे मी तुझा!"

"म्हणून तर एकच ठेवलीय."

नानांनी पुन्हा हेडफोन चढवला. "मग जायचं कुठून?"

"ते पुढच्याने ठरवायचं असतं."

"पुढच्याची अक्कल संपली," नाना म्हणाले. "तू हो पुढे."

या वेळी तिने लांबचा वळसा घेतला. नदीच्या पात्रात उतरली आणि पाण्याला जवळजवळ चिकटून, सूर्याच्या रोखाने निघाली. काचेवर नुसता पांढरा झगझगाट.

"मला काहीही दिसत नाहीये," मागून नाना कुरकुरले. "आणि खरं विमान आधी बुडाला कळतं, मग डोक्याला. इथे बुडाखाली नुसती खुर्ची."

"माझी शेपटी दिसतेय ना?"

"दिसतेय."

"तेवढी पुरे."

तोफ टेकडीच्या पलीकडेच राहिली. शेवटचं वळण आलं, पूल समोर दिसू लागला आणि नानांचा आवाज एकदम बदलला. कुरकुर गेली. एरवी घरात कधी न ऐकलेला, सपाट, थंड आवाज.

"मागे दोघं. उजवीकडून, वरून."

शत्रूची ही दोन विमानं तिनेच ठेवली होती, पण त्यांची दिशा नशिबावर सोडली होती. दर वेळी नवीन. मान वळवून बघावंसं तिला फार वाटलं. एकदा वळली असती, तर पूल हातचा गेला असता.

"तुम्ही बघा त्यांना," ती म्हणाली आणि नजर पुलावरून हलवली नाही.

"बघतो. तू सरळ जा."

पाठीमागे काय चाललंय ते तिला दिसत नव्हतं. शेजारी नानांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, झोपलेल्या माणसासारखा संथ. पहिला ट्रक पुलाच्या तोंडाशी आला. तिने बॉम्ब सोडला, विमान जोरात वर खेचलं. खाली पूल मधोमध मोडून पाण्यात बसला.

"नाना?"

तिने विमान सरळ केलं.

"नाना, कुठे आहात?"

"ओरडतेस काय? तुझ्या उजव्या खांद्याशी आहे."

तिने पडद्यावर उजवीकडे बघितलं. पंखाला भोकं पडलेलं, धूर सोडणारं त्यांचं विमान तिच्या अगदी लगत उडत होतं. मागचं आकाश मोकळं होतं.

दोघं उतरली. तिने तळहात सलवारीला पुसले. नाना दंड चोळत होते आणि लहान मुलासारखे खूश दिसत होते.

दुपारी एकेक करत गट जमला. हेडफोनमध्ये गलका सुरू झाला. कुणी नमस्कार सर म्हणालं, कुणी चहाचा घोट आवाज करत घेतला. पुढच्या विमानावर नानांचं नाव तिने कालच घातलं होतं. आता ती त्या नावाकडे बघत बसली होती.

"सर, आज काही काळजी नाही," एकजण म्हणाला. "आम्ही सगळे तुमच्या मागे."

"या ना मागे," नाना म्हणाले. "मी हिच्या मागे आहे."