तिसरी पिशवी

"हुंगा, मावशी. घाई नाही," असं म्हणून पायलनं पहिल्या पिशवीचं तोंड दाक्षायणीच्या नाकाखाली धरलं.

असलं हुंगायचंही काम असतं, हे दाक्षायणीला तासाभरापूर्वीच कळलं होतं. अक्कलकोट रोडवर चन्नवीरअण्णांचा टॉवेल रंगवायचा कारखाना. मागं सांडपाण्याच्या टाक्या, आणि टाक्यांच्या भिंतीला लागून दाक्षायणीचं घर. टाक्यांचा वास घालवायला कुठलं यंत्र बसवायचं, ते आज ठरायचं होतं. दोन कंपन्यांनी नमुन्याची यंत्रं लावून दाखवली होती. त्यांतून निघालेली हवा इंजिनिअर पायलनं पिशव्यांत भरून ठेवली होती. कुठली पिशवी कशातली, ते हुंगणाऱ्याला सांगायचं नाही. आहे की नाही गंमत? एवढी यंत्रं आणली आणि नाक मात्र शेजारणीचं! पण अण्णांनी सरळ सांगून टाकलं होतं, "वीस वर्षं अक्कांनी सोसलंय. अक्का म्हणतील ते बसवायचं."

कारखान्याच्या ऑफिसात येताना टाक्यांपाशी तिनं नाकाला पदर लावला होता. तिथून जाताना सगळेच लावतात.

तिनं श्वास ओढला आणि तिचा चेहरा उजळला. "अय्यो, मोगरा की!"

"हां!" अण्णा खुर्चीतून पुढं सरकले. "त्याचा फवारा आठ दिवसांत बसतो, अक्का. श्रीदेवीला खुशाल घेऊन या."

पायलनं कपाळाला हात लावला. गुपित फुटलं ते फुटलंच.

श्रीदेवी ही दाक्षायणीची एकुलती एक लेक. बार्शीला दिलेली, आता आठवा सरत आलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय कुणी सांगायला हवं? पण सासरचे अडून बसले होते. आधी तो वास जाऊ दे, मग पाठवतो. दाक्षायणीनं खोलीला चुना लावला होता, बाजेची नवार बदलली होती. आठ दिवस म्हटल्यावर तिला हसू आवरेना. आनंदानं तिनं परत एकदा हुंगलं.

मग आणखी एकदा, जरा सावकाश. हसू गेलं.

"हा आमच्या घरचा वास हाय," ती म्हणाली.

"म्हणजे कसा, मावशी?"

"विहीणबाई आल्या तवा मी उदबत्तीचा आख्खा पुडा लावला हुता. त्या दारातच म्हणाल्या, 'एवढ्या कशाला हो लावल्या?' श्रीदेवीनं मान खाली घातली." तिनं पिशवी बाजूला सारली. "मोगरा पुढं हाय. मागं ते बसलंय तसंच."

वहीत लिहून पायलनं दुसरी पिशवी उघडली.

दुसरीत ओल्या शेंडीचा वास होता. नारळ सोलून पाण्यात टाकलाय आणि खाली काळी माती आहे, असा. दाक्षायणीनं डोळे मिटून त्याच्या मागचं शोधलं. उजवीकडनं हुंगलं, डावीकडनं हुंगलं.

"ती घाण कुटं गेली गं?"

आता लपवायचं तरी काय राहिलं होतं? "खाल्ली," पायल म्हणाली. "मोठ्या हौदात नारळाचा काथ्या भरायचा, ओला ठेवायचा. त्यात बारीक जीव वाढतात, डोळ्यांना दिसत नाहीत. टाकीवरची हवा त्यातून सोडली की वास ते खातात."

"खातात? आणि त्यांना काय हुत न्हाय?"

"अंगी लागतो त्यांच्या."

"अय्यो!" दाक्षायणीला लई नवल वाटलं. मग तिनं हळूच विचारलं, "किती दिवस लागतात?"

"जीव धरायला अडीच महिने तरी."

दाक्षायणीनं बोटांवर महिने मोजले. मोजायची काही गरज नव्हती.

"आत्ता मोगरा लावू, मग पुढचं पुढं," अण्णा म्हणाले.

"मोगरा लागला की तुमचं पुढचं ऱ्हायलंच की, अण्णा. मी काय आज वळखते तुमाला?"

अण्णा ओशाळं हसले. खोटं ते तरी कसं म्हणणार?

तिसरी पिशवी राहिली होती. दाक्षायणीनं हुंगली. परत हुंगली. पिशवी हलवून बघितली.

"ह्यात घालायचं ऱ्हायलंय की काय तरी."

"काहीच नाही त्यात. दोन्हींशी ताडून बघायला नुसती हवा ठेवलीय. सकाळी हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊन भरून आणली."

दाक्षायणीनं ती पिशवी दोन्ही हातांत घेतली आणि नाक आत घालून उभी राहिली. पिशवी निम्मी बसली तेव्हा तिनं मान वर केली. डोळे भरले होते.

"दुसरी बसवा, अण्णा."

"अहो अक्का, पण लेक?"

"बार्शीला हुईल बाळंतपण. हुऊ दे." मायेच्या हातचं न्हाणं नसेल लेकीला, हे आता ठरलं होतं, आणि तिनंच ठरवलं होतं. तिला रडूच आलं. पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "तीन महिन्यांनी येईल बाळ घिऊन. पण मग मी दारं उघडीन, उदबत्ती न्हाय लावायची."

पायलनं वहीत दुसरीपुढं खूण केली. दाक्षायणी जायला वळली, पण तिसरी पिशवी काही तिनं खाली ठेवली नाही.

"ही घिऊन जाऊ? घरी ह्यांना दाखवते. नुसतं सांगून पटायचं न्हाय त्यांना."

"न्या की," पायल म्हणाली आणि तिनं पिशवीच्या तोंडाला घट्ट गाठ मारून दिली.

दाक्षायणी पिशवी छातीशी धरून निघाली. टाक्या आल्या तसा तिनं पदर ओढला आणि पिशवीवर घेतला.