घरातला इंग्रजी कागद

इंग्रजीच्या बाईंनी नववीच्या वर्गाला अभ्यास दिला होता. घरातला कोणताही इंग्रजी कागद घ्यायचा, वाचायचा आणि त्यात काय सांगितलंय ते मराठीत लिहून आणायचं. एखादा शब्द अडला तर थांबायचं नाही, मागच्या-पुढच्या वाक्यांवरून अर्थ लावायचा.

शिवकन्येला कपाटात वडिलांचा नांदेडच्या दवाखान्यातला कागद सापडला. पोट दुखतं म्हणून सटवाजी गेल्या महिन्यात एकटेच जाऊन तपासून आले होते; डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. उंबऱ्यावर बसून ती एकेक ओळ वाचू लागली. लिव्हर हा शब्द विज्ञानाच्या पुस्तकात येऊन गेला होता. त्याच्या पुढचा कॅन्सर तर कुणालाही कळला असता. शेवटच्या ओळीतले तीन शब्द मात्र अडले. बाईंनी सांगितलं तसा तिने अर्थ लावला. आता ऑपरेशन करून उपयोग नव्हता.

बाजेवरून सटवाजींनी विचारलं, "काय वाचून राहिली गं?"

"तुमचा दवाखान्याचा कागद, बाबा. शाळेचा अभ्यास हाय."

"मग? काय लिवलंय त्याच्यात?"

तिने कागदावरची नजर काढली नाही. "आतड्याला सूज हाय म्हणं. गोळ्या घ्या, आराम करा, तिखट खाऊ नका."

सटवाजी बाजेवर उठून बसले.

"बराबर वाचलंस," ते म्हणाले. "तुझी माय वावरातून आली की तिला बी असंच वाचून दाखव."