पुसलेला पत्ता

दुकानाचा सर्व्हर रीस्टार्ट केला, की दादाने एका फाइलमध्ये भरलेला नेमसर्व्हरचा, म्हणजे इंटरनेटवरची नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता पुसला जायचा आणि वेबसाइटवरच्या ऑर्डरी अडकून पडायच्या. वेगळं दुकान काढायला निघालेल्या धाकट्या बहिणीचा त्याला संशय होता. शेवटी त्याच्या पोटात राहिलं नाही. “माझ्यामागे तूच पुसतेस ना?”

तिने फाइल उघडून पाहिली. “अरे, सर्व्हर सुरू होताना ही फाइल आपोआप नव्याने लिहिली जाते. पत्ता नेटवर्कच्या सेटिंगमध्ये घालायचा असतो.” तो तिथे घालून ती उठली आणि हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभी राहिली. “आता तूच रीस्टार्ट कर.”

पत्ता जागेवर राहिला. अडकलेली ऑर्डरही पुढे गेली.

“जमलं की गं!” दादाने टाळीसाठी हात पुढे केला.

तिने पाठीमागचे हात सोडले नाहीत.