पर्सची जागा

काकांची जुनी गाडी धुराच्या तपासणीत दुसऱ्यांदा नापास झाली. आणखी एकदा झाली की थेट भंगारात. मेकॅनिकने प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, तरी इंजिन फुकटचं मिळाल्यासारखं पेट्रोल पीतच होतं.

"काका, रोज चालवता तशी चालवून दाखवा बरं."

काकू शेजारी बसल्या. त्यांनी सवयीने डॅशबोर्डवरची एक मूठ बाहेर ओढली आणि तिला पर्स अडकवली.

चक्कर मारून काकू उतरल्यावर मेकॅनिक म्हणाला, "अहो, तो चोक आहे. ओढलेला राहिला की जादा पेट्रोल जातं. माहीत नव्हतं तुम्हाला?"

"हळू बोल," काका म्हणाले. "गाडी घेतली तेव्हा तिनं विचारलं, 'अय्या, हा हूक मुद्दाम माझ्यासाठी?' आणि मी हो म्हणून बसलो."