कुठंय ससा?

"आई!"

मी कणकेच्या हातांनीच बाहेर धावले. दोन वर्षांची ईरा टीव्हीसमोर बोट पुढे करून उभी होती. माद्रिदच्या पाळणाघरात ती 'ममा' शिकून आली होती. मी इतकं घोकून घेतलं, पण 'आई' काही तिच्या तोंडून निघत नव्हतं. या घरात दिवसभर मराठी बोलणारी मी एकटीच, आणि तेही भांड्यांशी. आज मात्र पोरीने हाक मारली. मी तिला कवटाळलं आणि तिच्या बाबाला, निनादला, ऑफिसात फोन लावला.

"टीव्हीवर काय लागलंय?" त्याने विचारलं.

"लहान मुलांचं काहीतरी. एक कापडी ससा लपतो आणि ताई मुलांना विचारते, कुठंय ससा?"

तो हसला. "अगं, स्पॅनिशमध्ये 'आई' म्हणजे 'तिथे'. ती ससा दाखवतेय तुला." त्याची मीटिंग होती. त्याने फोन ठेवला.

माझं स्पॅनिश भाजी आणण्यापुरतं. मी हात धुतले आणि राहिलेल्या पोळ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सशाची वेळ झाली तशी शेगडी बंद करून मी टीव्हीला खेटून बसले. ससा लपला. ताईने विचारलं. ईराचं बोट वर झालं.

"आई!"

बोट माझ्या खांद्यावरून पलीकडे, पडद्यावर डोकावणाऱ्या दोन कानांकडे होतं. मी तेवढी सरकून बोटासमोर आले.

"ओ," म्हटलं.