तुमच्यानंतर कोण?

तपासनीसांनी कुत्रीचा मागचा पाय हातात घेतला, गुडघ्याच्या वाटीवर अंगठा ठेवला आणि पाय हळूच मागेपुढे केला. पोमेरेनियनची ही वाटी सरकते आणि आईचा दोष पिल्लांत उतरतो, असं त्यांनी वाचलं होतं. बॉल बेअरिंगच्या कारखान्यात तेहतीस वर्षं त्यांनी माल तपासला होता, एकेक नग कानाशी धरून, फिरवून. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. आताही त्यांनी नकळत कान खाली नेला.

“अहो, कुत्री आहे ती,” बायको म्हणाली.

पिल्लू घ्यायचं म्हणून पाहिलेली सहा ठिकाणं त्यांनी आतापर्यंत नापास केली होती. एकानं पिल्लांची आईच दाखवली नाही. एकाकडे पिल्लं जेमतेम पाच आठवड्यांची, आणि तो ‘आजच न्या’ म्हणून मागे लागलेला. एकाच्या गच्चीवर पिंजऱ्यांवर पिंजरे. प्रत्येक ठिकाणी हे तावातावानं दारापर्यंत पोचायचे आणि बायको पिल्लाकडे बघत मागे रेंगाळायची. गुडघे गेल्यापासून तिचं जिने उतरणंच बंद झालं होतं. या सात फेऱ्या काय त्या. एरवी दिवसभर घरात बसून. समोर नवरा, आणि तो वर्तमानपत्रातल्या चुका काढणारा. घरात काहीतरी लुडबुडतं हवं, एवढंच ती मागत होती.

ही सातवी ब्रीडर बाई मात्र निराळी निघाली. तपासनीसांनी वहीतले बावीसच्या बावीस प्रश्न विचारले. बाईंनी डॉक्टरांचे रिपोर्ट मागायच्या आत समोर ठेवले. एका प्रश्नाला तर त्या सरळ ‘माहीत नाही, विचारून सांगते’ म्हणाल्या. ते ऐकून तपासनीस इतके खूश झाले की त्यांनी वही मिटली.

“पास!” ते म्हणाले. पिल्लू तोवर बायकोच्या मांडीवर झोपलंसुद्धा होतं. बदामी रंगाचं, मुठीएवढ्या डोक्याचं. तिनं हात त्याच्या पाठीवर ठेवला होता आणि ती अगदी हलकेच श्वास घेत होती.

“आता माझे प्रश्न, काका,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी एक छापील फॉर्म काढला. घरी दिवसभर कोण असतं? दोघंही. डॉक्टर किती लांब? दोन गल्ल्या. फिरायला कोण नेणार? मी. तपासनीस परीक्षेतल्या हुशार मुलासारखे ताठ बसून उत्तरं देत होते.

“शेवटचा. वय?”

“मी त्र्याहत्तर. ही एकाहत्तर.”

“हे पिल्लू पंधरा वर्षं जगेल,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “राग मानू नका. तुमच्यानंतर कोण?”

तपासनीसांनी वही उघडली, मिटली. बावीस प्रश्नांत हा नव्हता.

“मुलगी आहे,” बायको घाईघाईनं म्हणाली. “परदेशात असते. ती सांभाळेल.”

“तिच्या तोंडून ऐकायला हवं, काकू. मी कुणालाच त्याशिवाय देत नाही.”

तपासनीसांनी फोन लावला. स्पीकरवर आधी कुणाचं तरी बोलणं, मग मुलीचा आवाज. “बोला बाबा, पटकन. मी कामात आहे.” बाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

“हो, घेईन ना मी. त्यात काय! ठेवू?”

बाईंनी पेन उचललं. बायकोचा चेहरा एकदम उजळला. तिनं पिल्लाला आणखी जवळ घेतलं आणि त्याच्या कानात काहीतरी पुटपुटली. बहुधा नाव ठेवलं असावं.

तपासनीसांनी तो ‘हो’ ऐकला होता. वरून गुळगुळीत, पण आत कुठंतरी खडखडणारा. असे नग त्यांनी तेहतीस वर्षं बाजूला काढले होते.

“लिहू नका,” ते म्हणाले.

“का?”

“नातवाला प्राण्यांच्या केसांनी दमा उठतो. तिच्या घरात मांजरसुद्धा चालत नाही. आणि सात वर्षांत ती एकदाही इकडे आलेली नाही. कुत्र्याला न्यायला कुठली येते?”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “तुम्ही खरं सांगितलंत, बरं झालं,” त्या म्हणाल्या. “पण मग मला नाही देता येणार. एखादं वय झालेलं कुत्रं माझ्याकडे परत आलं तर कळवीन. तसं सहसा येत नाही, खोटं कशाला सांगू?”

“मीही दिलं नसतं,” तपासनीस म्हणाले. मनापासून म्हणाले, हीच तर पंचाईत.

बायको कुणाचा हात न धरता उठली. तिनं पिल्लाला त्याच्या आईपाशी नेऊन ठेवलं. ते झोपेतच आईच्या कुशीत शिरलं.

खाली रस्त्यावर रिक्षा मिळेना. तपासनीसांना गप्प राहवेना.

“बाई चोख आहे गं. अशी माणसं राहिली नाहीत. आणि आपली कार्टी बघ, तोंडदेखलं हो म्हणाली. सरळ खोटं बोलली.”

“मला कळत नव्हतं का?” बायको म्हणाली. ती रस्त्याकडेच बघत होती. “पण हो म्हणाली होती ना. घरी पोचेपर्यंत तरी राहू द्यायचं होतं.”