माईंचा मुलगा

“गेला!” बसचालक प्रार्थनागृहाच्या दारातूनच ओरडला. “भाषण करता करता गेला. स्टेजवरच!”

कोण, हे कुणी विचारलं नाही. देव नाही असं माइकवरून ठणकावून सांगणारा गावात एकच होता.

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. खुर्च्या एकात एक रचणारे हात जागच्या जागी थांबले. शिंपीणबाईंच्या हातातली गाण्याच्या पुस्तकांची चळत खाली पडली.

“खरं सांगतोस?” मोठे दादा म्हणाले. प्रार्थनागृह तेच चालवत.

“टीव्हीवर दाखवतायत. हात वर केला, तोंड उघडलं आणि आडवाच झाला.”

या माणसानं वर्षानुवर्षं त्यांची टर उडवली होती, आणि तीही अगदी नेमकी. डोळे मिटल्यावर कोण घोरतं, कोण शेजारणीशी कुजबुजतं, प्रवचन लांबलं की कोण किती वेळा खोकतं, सगळं त्याच्या भाषणात यायचं. ऐकणारे हसून लोळायचे. इथली माणसं मात्र रागानं लाल व्हायची. आपल्यात कुणीतरी घरभेदी आहे, असं बसचालक म्हणायचा. शिंपीणबाईंना ते पटत नसे. लहानपणी वडिलांचं बोट धरून यायचा, तेव्हाचंच डोक्यात ठेवलं असेल, असं त्या म्हणायच्या.

“शिक्षाच म्हणायची,” मागून कुणीतरी पुटपुटलं. “ऐन बोलताना तोंड बंद केलं वरच्यानं.”

शिंपीणबाईंच्या अंगावर काटा आला. परवाच दुकानात वर्तमानपत्रातला त्याचा फोटो बघून त्या म्हणाल्या होत्या, जीभ झडो याची. गिऱ्हाइकासमोर म्हणाल्या होत्या.

“माई!” त्या एकदम म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. माई आज सर्दीमुळे आल्या नव्हत्या.

माई म्हणजे त्याची आई. अशा आईच्या पोटी असा मुलगा, म्हणून सगळे हळहळायचे. माई सगळ्यांच्या आधी येत, शिंपीणबाईंच्या शेजारी बसत, आणि डोळे मिटले की बाकीचे चपला घालून निघाले तरी उघडत नसत. “एकाग्रता शिकावी तर माईंकडून,” मोठे दादा प्रवचनात सांगत.

“संध्याकाळी त्याच्यासाठी प्रार्थना करायची,” शिंपीणबाई म्हणाल्या.

“बाई, शुद्धीवर आहात ना?” मोठे दादा म्हणाले. “जन्मभर त्यानं आपल्याला वेड्यात काढलं. आता त्याच्यासाठी हात जोडायचे? उद्या लोक काय म्हणतील?”

“लोकांचं मला नका सांगू. त्याच्यासाठी नको, तर माईंसाठी करा. नाहीतर उद्यापासून मी इथे पाऊल टाकणार नाही.”

मोठ्या दादांशी त्या सुरात कुणी बोलत नसे. शिंपीणबाई जागच्या हलल्या नाहीत. दादांनी खिडकीबाहेर बघितलं, घसा साफ केला.

“करू,” ते म्हणाले.

“बोलायचा मात्र झकास, मेला,” बसचालक डोळे पुसत म्हणाला आणि शब्द तोंडातून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

माईंचं दार उघडंच होतं. शेजारपाजारचे येऊन गेले होते, सून इस्पितळात त्याच्यापाशी होती. माई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ताठ बसल्या होत्या. समोरचा चहा निवला होता, त्यावर साय धरली होती.

शिंपीणबाई त्यांच्या पायाशीच बसल्या आणि रडू लागल्या. “माई, परवा मी त्याला शाप दिला हो. जीभ झडो म्हणाले.”

“वेडी आहेस का?” माईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. “शापानं कुणी जात नाही. छातीचं दुखणं होतं त्याला. वडिलांसारखंच.”

“संध्याकाळी सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करणार आहेत. मोठे दादासुद्धा. मी भांडले त्यांच्याशी.”

“तू भांडलीस? दादांशी?”

“तुमच्यासाठी, माई.”

माईंनी चहाचा कप बाजूला सारला. “नको गं,” त्या म्हणाल्या. “त्याला आवडलं नसतं.”

“पण तुम्हाला तरी बरं वाटेल.”

“मलाही नको.”

एकुलता एक मुलगा गेलेला; अशा वेळी भलेभले देवाशी अबोला धरतात. शिंपीणबाईंनी माईंचे दोन्ही हात धरले. “देवावर रुसू नका, माई.”

“रुसायला तो असावा लागतो.”

आपण काहीतरी भलतंच ऐकलं, असं शिंपीणबाईंना वाटलं. “असं नका बोलू. हे त्याचं बोलणं, तुमचं नव्हे.”

“त्याचं?” माईंचे ओठ थरथरले. “एवढासा होता तेव्हा मला विचारलं त्यानं, देव कुठे असतो म्हणून. कुठेच नसतो, असं मीच सांगितलं त्याला.”

शिंपीणबाईंनी हात सोडले. त्या उठल्या, पुन्हा खाली बसल्या. “पण तुम्ही तर एक दिवस चुकवला नाहीत! मग इतकी वर्षं तिथे बसून करत काय होतात?”

“घरी सारखा त्याचा फोन, त्याची माणसं. तिथे कसं शांत असायचं,” माई म्हणाल्या. “त्याची भाषणं तिथेच तर रचायचे मी. त्याला बोलता फार सुरेख यायचं गं, सुचायचं मात्र काहीच नाही.”